गेटच्या आत, चालकाविना: बेळगाव परिसरात स्वयंचलित ई-शटलची चाचणी कशी लावावी

इंजिनिअरिंग कॉलेज असो, साखर कारखाना असो, हत्तरगीसारखा औद्योगिक परिसर असो की मोठं हॉस्पिटल, मुख्य रस्त्यावरच्या बसथांब्यापासून आतल्या इमारतीपर्यंत किलोमीटर-दीड किलोमीटर चालणं सगळीकडे आहे. हा टप्पा बॅटरीच्या, आपली आपण चालणाऱ्या छोट्या गाडीने भरून काढायची कल्पना आता बऱ्याच ठिकाणी निघते. ती अमलात आणताना तांत्रिक अडचणींच्या आधी कायद्याचीच ठेच लागते, म्हणून सुरुवात तिथूनच.

पहिला प्रश्न: गेटच्या आत की बाहेर

भारतात चालकाविना गाडीसाठी वेगळा कायदा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ हा गाडी माणूस चालवतोय हे गृहीत धरून लिहिलेला आहे. कलम ३ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं. कलम १२६ प्रमाणे चालू इंजिनची गाडी सार्वजनिक ठिकाणी उभी असली तरी चालकाच्या जागेवर लायसन्सधारक माणूस हवा. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की रोजगार जाईल म्हणून चालकाविना गाड्या येऊ देणार नाही. त्यामुळे 'आरटीओत ओळख आहे, परवानगी काढू' असं कुणी म्हणत असेल तर तिथेच थांबवा. बेळगावच्या, चिक्कोडीच्या काय, बंगळूरच्या परिवहन आयुक्तांकडेही कलम ३ मधून सूट देण्याचा अधिकार नाही.

वाट आहे ती कलम २(२८) मध्ये. फक्त कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेलं वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येतच येत नाही. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातल्या बंदिस्त यार्डाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, लोकांना खुला प्रवेश नसलेल्या आवारातच वापरल्या जाणाऱ्या वाहनांवर मोटार वाहन कर लागत नाही, असं म्हटलं. म्हणजे भिंत, गेट आणि नोंदवही या तीन गोष्टींना इथे फार किंमत आहे.

जागा खाजगी आहे एवढ्याने भागत नाही. कलम २(३४) मधली 'सार्वजनिक ठिकाणा'ची व्याख्या जमीन कुणाची हे विचारत नाही, लोकांना तिथे येण्याचा हक्क आहे का हे विचारते. आपल्याकडे कॅम्पसमधून गावाची जुनी वाट जाते, आत देऊळ असतं, कोपऱ्यावर बँकेची शाखा असते, पलीकडच्या शेताकडे जाणारी बैलगाडी मधूनच जाते. असा प्रत्येक रस्ता चाचणीच्या नकाशातून वगळा. नाहीतर चाचणीच्या वेळेपुरते फाटक लावा आणि फाटकावर माणूस बसवा. वहिवाटीचा हक्क असलेल्या वाटेवर मात्र फाटक लावून भागत नाही. ती वगळायचीच. ओपीडीसमोरचा रस्ता हा सरळ सार्वजनिकच समजा. थांबा गेटच्या आत ठेवा. गेटबाहेर बस जिथे माणसं उतरवते तिथे जाऊन थांबायचा मोह होतोच, पण बसच्या प्रवाशांचा चढ-उताराचा थांबा हा त्या व्याख्येत नाव घेऊन घातलेला आहे.

कोणती गाडी घ्यावी

सहा आसनी विद्युत बग्गी घ्यावी, आणि कंपनीकडून ती बंदिस्त आवारासाठीच बनवल्याचं पत्र घ्यावं. पासिंग झालेली रिक्षा किंवा छोटा टेम्पो स्वस्तात मिळतो म्हणून त्यावर स्टिअरिंगची मोटर बसवू नये. ती गाडी रस्त्यासाठी बनलेली आहे, आवारात ठेवली म्हणून तिची व्याख्या बदलत नाही. नोंदणीकृत गाडीत परवानगीविना फेरफार केला तर कलम ५२ चा भंग होतो आणि कलम १८२अ(४) प्रमाणे प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कोल्हापूरहून एमएच-०९ ची जुनी गाडी आणली तर त्यात बारा महिन्यांनंतरच्या फेरनोंदणीचा, म्हणजे कलम ४७ चा, घोळ वाढतो.

बग्गीवर काय बसवायचं ते नीट ठरवून घ्या. स्टिअरिंगच्या दांड्यावरची मोटर एवढ्याच ताकदीची हवी, की माणसाने हाताने चाक फिरवलं तर तिचा जोर मोडला पाहिजे. ब्रेकसाठी पेडल ओढणारा अॅक्च्युएटर चालतो. पण त्याशिवाय स्प्रिंगने लागणारा आणि वीज असेपर्यंतच सुटा राहणारा पार्किंग ब्रेक हवाच. वीज गेली की गाडी आपोआप जखडली पाहिजे. लाल मशरूम बटणं चार: दोन आत, एकेक दोन्ही बाजूंना बाहेर. ही बटणं संगणकाला जोडायची नाहीत. ती थेट मोटरच्या कॉन्टॅक्टरचा (मुख्य विद्युत स्विचचा) प्रवाह तोडणारी, 'सामान्यतः बंद' म्हणजे बटण दाबेपर्यंत प्रवाह वाहत राहणाऱ्या सर्किटची असावीत, म्हणजे वायर उंदराने कुरतडली तरी गाडी चालू राहण्याऐवजी थांबते. रोज सकाळी पहिल्या फेरीआधी चारही बटणं दाबून बघायची आणि वहीत सही करायची.

दुरून थांबवायचा रिमोट घेताना बरेच जण फसतात. ऑनलाइन मिळणारे बरेच टेलिमेट्री रेडिओ ९१५ मेगाहर्ट्झचे असतात. तो पट्टा अमेरिकेत मोकळा आहे, भारतात नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा लायसन्सविना वापरता येतो, आणि उपकरणाला दूरसंचार खात्याची प्रकार-मान्यता हवी. समोरच्या अंतरासाठी ७६–७७ गिगाहर्ट्झचे रडार २०१५ पासून लायसन्समुक्त आहेत. मोबाइल नेटवर्कवर तातडीचा ब्रेक कधीच ठेवू नका. निपाणी–कोगनोळीकडच्या पट्ट्यात फोन कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा, आणि त्या अदलाबदलीत जोडणी काही सेकंद तुटली तरी ब्रेकच्या दृष्टीने ते फार झालं.

संगणकाला आणि ब्रेकला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी द्या. एकाच बॅटरीवर सगळं टाकलं की चढावर मोटर जोर घेते, व्होल्टेज पडतं आणि संगणक पुन्हा चालू व्हायला लागतो. गाडी मात्र तोवर चालतच असते.

वेग किती, हे गणिताने ठरवा

समोर काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत अशा घरगुती बनावटीच्या यंत्रणेत साधारण अर्धा सेकंद जातो. त्यानंतर आत बसलेली माणसं पुढे फेकली जाऊ नयेत म्हणून मंदन (वेग कमी होण्याचा दर) २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढंच धरा. हिशेब असा निघतो: ताशी १० किलोमीटरला थांबायला सुमारे ३ मीटर, १५ ला साडेपाच मीटर, २५ ला १३ मीटर. पावसाळ्यात तांबड्या मातीचा चिखल डांबरावर आला की मंदन दीडवर येतं आणि १५ च्या वेगाला जवळजवळ ८ मीटर लागतात.

त्यामुळे कोरड्यात कमाल १५, थांब्याजवळ आणि वर्ग सुटायच्या वेळी ८ हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये तर घालाच, पण मोटर कंट्रोलरमध्येही वेगळे बांधून ठेवा. २५ चा आग्रह धरणाऱ्याला एवढंच दाखवावं, की दीड किलोमीटरच्या फेरीत त्याने जेमतेम अडीच मिनिटं वाचतात.

सेन्सर कुठे चुकतात

इथली सगळ्यात मोठी अडचण परदेशी माहितीसाठ्यांत सापडत नाही. गळीत हंगामात उसाची डबल ट्रॉली उभी असते. कांड्यांचा भारा मागे मीटर-दीड मीटर लोंबलेला, मागचा दिवा उसाखाली गेलेला, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला. बंपरवर ३० सेंटिमीटर उंचीला एका पातळीचा लिडार (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर) बसवला असेल तर त्याची किरणं ट्रॉलीखालून निघून जातात आणि त्याला फक्त चाकं दिसतात, तीही दीड मीटर पुढे. त्याच्या हिशेबाने जागा मोकळी आहे. इकडे उसाची टोकं थेट बग्गीच्या काचेत येतात. कॅमेऱ्याला तर हा सगळा प्रकार झाडासारखा वाटतो. उपाय साधा आहे. टपावर सोळा पातळ्यांचा लिडार, बंपरवर एक, आणि काचेच्या उंचीला खाली-वर बघणारा एक अल्ट्रासॉनिक किंवा छोटा रडार. साखर कारखान्याच्या यार्डात चाचणी असेल तर यातलं एकही वगळू नका.

माणूस ओळखण्याचीही परीक्षा इथल्या माणसांवरच घ्या. घोंगड्याची खोळ पांघरलेला, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, सायकलला दोन्हीकडे दुधाचे कॅन, तीनजण बसलेली मोटरसायकल, रस्त्यात बसलेली म्हैस. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत टेंपी इथे उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. तपासात निघालं, की यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर' समजत राहिली आणि दर वेळी तिच्या वाटेचा अंदाज नव्याने बांधत राहिली. क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. आपल्याकडे तर माणूस रस्ता ओलांडतो तोच क्रॉसिंग नसलेल्या जागी. म्हणून नियम असा ठेवा: वस्तू काय आहे ते कळो न कळो, वाटेत घन काही आहे आणि अंतर कमी होतंय, तर थांबायचं. ओळख पटवणं नंतर.

पावसाचं म्हणाल तर खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबीच्या बाजूला, जून ते सप्टेंबर यंत्रणा भरवशाची नाही असंच धरून चाला. जोराच्या सरीत लिडारला थेंबच अडथळे वाटतात आणि गाडी विनाकारण थांबत राहते. ते थांबणं टाळायला कुणी गाळणी सैल केली तर खरा अडथळाही गळून जातो. शहरात सोपा निकष पुरतो: वायपर सलग चालू ठेवावा लागला की स्वयंचलित मोड बंद, गाडी हाताने. पूर्वेकडे अथणी–रायबागला पावसाऐवजी काळ्या मातीची धूळ. तिथे दर दोन फेऱ्यांनी लिडारची काच ओल्या मऊ फडक्याने पुसायची, कोरड्याने नाही, नाहीतर चरे पडतात.

नकाशा, कॅमेरे आणि कागद

रस्त्याचा बारीक त्रिमितीय नकाशा बग्गी हाताने चालवून लिडारनेच करून घ्या. ड्रोन उडवायचा विचार असेल तर सांबरा विमानतळ, तिथलं हवाई दलाचं केंद्र आणि छावणीचा परिसर लक्षात घ्या. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे क्षेत्र लाल, पिवळं की हिरवं हे नकाशावर बघितल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढू नये. अचूक स्थानासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं संदर्भ-केंद्रांचं जाळं वापरता येतं, झाडी दाट असेल तर मात्र लिडारवरच भिस्त ठेवावी लागते.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आडव्या १ मीटर आणि उभ्या ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा नकाशा फक्त भारतीय संस्थेनेच करायचा आणि तो भारतातच साठवायचा. परदेशी विद्यापीठाशी करार असेल तर कच्चा डेटा तिकडच्या सर्व्हरवर टाकू नका. स्वतःच्याच आवाराचा आहे म्हणून चालेल, असा समज करून घेऊ नये.

कॅमेऱ्यात चेहरे येतात, तेव्हा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ बघावा लागतो. त्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. आपल्याकडे एकाच आवारात पीयू (अकरावी-बारावीचं) कॉलेज असतं आणि तिथली बहुतेक मुलं सोळा-सतरा वर्षांची. सोपा मार्ग म्हणजे गाडीतच चेहरे धूसर करून मग साठवण करणं.

विमा कंपनीकडून 'स्वयंचलित मोडमध्ये तिसऱ्या व्यक्तीला झालेली इजा' असे शब्द असलेलं लेखी पत्र घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ चा सक्तीचा विमा सार्वजनिक ठिकाणासाठी आहे. बंदिस्त आवारात सक्ती नाही याचा अर्थ संरक्षणही नाही, असाच होतो. एजंटाच्या तोंडी 'सगळं कव्हर आहे साहेब' याला कोर्टात काडीची किंमत नाही.

गाडीवरच्या आणि थांब्यावरच्या पाट्या कन्नड वर, मराठी खाली, मग इंग्रजी अशा लावाव्यात. नुसती मराठी पाटी लावली की चाचणीची बातमी बाजूला राहते आणि पाटीचीच बातमी होते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. ध्वनिसूचना मात्र कन्नड आणि मराठी दोन्हींत हवीच. म्हाताऱ्या माणसाला 'गाडी निघते आहे, धरून बसा' हे त्याच्या भाषेतच कळलं पाहिजे.

चाचणीचे टप्पे

सुरुवातीला हाताने चालवून नुसती नोंद. मग 'सावली' टप्पा: गाडी माणूस चालवतो, संगणक फक्त आपण काय केलं असतं ते लिहितो, आणि रोज संध्याकाळी दोन्ही ताडून बघायचं. इथे कंटाळा करू नये, बरेचसे दोष इथेच सापडतात. त्यानंतर रिकामी गाडी, मग फक्त चाचणीतली माणसं, शेवटी प्रवासी. पुढच्या टप्प्यावर जायची अट आधीच लिहून ठेवा: सलग १०० किलोमीटरमध्ये कारण न सापडलेला एकही हस्तक्षेप (माणसाला गाडी हातात घ्यावी लागणं) नको. कारण सापडून दुरुस्ती केली असली तरी मोजणी पुन्हा शून्यापासून.

गाडीत माणूस कायम हवा आणि त्याच्याकडे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असावं. कायद्याने आवारात लागत नसलं तरीही. पहिल्या तीन टप्प्यांत दोघे: एकाचा हात बटणाजवळ, दुसरा लॅपटॉपवर. टेंपीच्या गाडीत एकटीच चालक होती आणि तिची नजर फोनवर होती. गाडी नीट चालायला लागली की माणूस गाफील होतोच. तो त्याच्या स्वभावाचा दोष नाही, म्हणून दोन तासांनी माणूस बदला आणि फोन गेटवर जमा करा.

अपघात झालाच तर गाडी जागेवरून हलवायची नाही, आधी जखमीला बघायचं, मग नोंदींची मूळ हार्ड डिस्क काढून सीलबंद करायची. बंदिस्त आवारातही निष्काळजीपणे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू होतंच. नोंद पुरावा म्हणून चालावी यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश-मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे ताडून बघायच्या खुणेसह) प्रमाणपत्र लागतं. ते कोण देणार त्याचं नाव पहिल्या दिवशीच ठरवा. तसंच ब्रेकची तपासणी कुणाची, सॉफ्टवेअर बदलाला मंजुरी कुणाची, पावसात थांबवायचा निर्णय कुणाचा, हे नावानिशी कागदावर हवं. 'कमिटीची' असं लिहिलं की कुणाचीच नसते.

पर्यावरणाचा फायदा खरंच होतो का

बग्गीची बॅटरी ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास, म्हणजे ९.६ युनिट. दिवसाला ४० किलोमीटर आणि किलोमीटरला ०.१ युनिट धरलं तर चालायला लागतात ४ युनिट. आता टेबलावरचा ग्राफिक्स कार्डवाला संगणक गाडीत टाकला आणि सेन्सर मिळून ५०० वॉट झाले, तर आठ तासांत तेही ४ युनिट. म्हणजे माणसं न्यायला जेवढी वीज, तेवढीच नुसता विचार करायला. त्याऐवजी ५०–६० वॉटचा गाडीसाठीचा छोटा संगणक आणि मोजके सेन्सर घेऊन सगळं १५० वॉटमध्ये बसवा, की खर्च १.२ युनिटांवर येतो. थांब्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त उभी राहिली तर सेन्सर झोपवायची सोय ठेवा आणि निघण्याआधी स्वयंचाचणी पूर्ण झाल्याशिवाय ब्रेक सुटणार नाही, असं बांधा. हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीकडे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दरगट आहे, त्यासाठी स्वतंत्र मीटर मागून घ्या. त्याने वापराचा हिशेबही आपोआप वेगळा राहतो.

दुसरा हिशेब प्रवाशांचा. सहातली एक जागा सुरक्षा-चालकाची, उरल्या पाच. सव्वा किलोमीटर जाऊन यायला चढ-उतार धरून पंधरा मिनिटं, म्हणजे तासाला चार फेऱ्या. गेटपासून आत तासाला वीस माणसं. बायकांना बसप्रवास मोफत करणारी शक्ती योजना जून २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून सकाळची एकेक बस गच्च भरून येते आणि एका दमात त्याहून जास्त माणसं उतरवते. तेव्हा ही गाडी सकाळच्या गर्दीला उत्तर आहे असं कुणाला सांगू नका. ती म्हातारी माणसं, अपंग विद्यार्थी, पाय मोडलेला कुणी आणि दुपारचे पाहुणे यांच्यासाठी ठेवा आणि वेळापत्रक वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसशी जुळवा. चाचणीआधी आठवडाभर गेटवर मोजून घ्या: कितीजण चालत जातात, किती दुचाकी आत येतात. शटल आल्यावर चालणारे कमी झाले आणि दुचाकी तेवढ्याच राहिल्या, तर विजेचा खर्च तेवढा वाढला.

गेटबाहेर जायचं झाल्यास

नवीन संशोधनासाठी काही वाहनांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २ब मध्ये आहे, पण तो केंद्र सरकारचा. शिवाय रस्त्यावर विकायच्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते. पोलीस आयुक्तांनी वाहतूक वळवायला दिलेली परवानगी म्हणजे गाडीला दिलेली परवानगी नव्हे. आणि कर्नाटकात मिळालेली कुठलीही स्थानिक मुभा कोगनोळी नाक्याच्या पलीकडे चालत नाही. खुल्या रस्त्यासारखी चाचणी हवीच असेल तर आयआयटी हैदराबादच्या 'तिहान' चाचणी मैदानाशी बोला, जुलै २०२२ पासून ते त्याचसाठी आहे.

केंद्राने वाहन नियमांचा मसुदा काढला की तो कलम २१२ प्रमाणे आधी राजपत्रात छापावा लागतो. हरकतींची मुदत आणि पत्ता त्याच अधिसूचनेत असतो, बहुधा तीस दिवस. 'मसुद्याला विरोध आहे' असं मोघम लिहिलं तर कुणी वाचत नाही. नियमाचा क्रमांक, त्यातला नेमका शब्द, त्याऐवजी सुचवलेला शब्द आणि कारण असं चार ओळींत लिहा. आपल्या बाजूने मागण्यासारखं बरंच आहे: मागे लोंबणाऱ्या मालाची कसोटी प्रमाणित चाचणीत घालणं, प्रवासी सूचना स्थानिक भाषांत सक्तीच्या करणं, सीमेवरच्या जिल्ह्यांत एका राज्यातली चाचणी-नोंद दुसऱ्याने ग्राह्य धरणं. निवेदन मराठीत देता येतं, राज्यघटनेचं कलम ३५० तो हक्क देतं. सोबत इंग्रजी प्रत जोडा, कारण हक्क असला तरी टेबलावरच्या माणसाला वाचता यायला हवं. स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा आणि पोचपावती चाचणीच्या फाइलमध्येच लावून ठेवा.